स्ट्रिंगमधून टाइप: हास्केलच्या 'रीड'मागची पार्श्वभूमी

संभाजीनगर-नांदेडकडं हास्केल ही प्रोग्रामिंग भाषा शिकणारी पोरं रीडवर, म्हणजे स्ट्रिंग (मजकूर) वाचून तिच्यातून आकडा किंवा दुसरी किंमत काढणाऱ्या फंक्शनवर, आली की हमखास अडतात, यूजरनं आकडा चुकीचा टाकला की पूर्ण प्रोग्रामच बंद काहून पडतो म्हणून. उत्तर रीड मुळात कशासाठी बनला त्यात आहे.

टाइप क्लास म्हणजे एकाच नावाचं काम प्रत्येक टाइप (डेटाचा प्रकार) आपापल्या परीनं करतो ती सोय, आणि एका टाइपसाठी लिहिलेलं ते काम म्हणजे इन्स्टन्स. ही कल्पना १९८८-८९ ची. बरोबरीची खूण, बेरीज असले ऑपरेटर वेगवेगळ्या टाइपवर शिस्तीत चालावेत हा मूळ मुद्दा. पण त्यातून एक लई ताकदीची गोष्ट हाती आली, परत येणाऱ्या टाइपवरून इन्स्टन्स निवडायची. स्ट्रिंग आत जाते, तिच्यातून इंट (पूर्णांक) काढायचा का डबल (दशांश आकडा) हे स्ट्रिंगमध्ये कुठंच लिहिलेलं नसतं, कम्पायलर आजूबाजूचा कोड बघून ठरवतो. ऑब्जेक्टवरून मेथड शोधणाऱ्या भाषेत हे अवघड, कारण ज्या ऑब्जेक्टवरून शोधायचं तोच अजून तयार झालेला नसतो. म्हणूनच रीडचं उत्तर सरळ शोला, म्हणजे किंमत स्ट्रिंग करून छापणाऱ्या फंक्शनला, दिलं की कम्पायलर अडून बसतो, मधला टाइप त्याला कुणी सांगितलेलाच नसतो.

१९९० च्या भाषेच्या पहिल्या अधिकृत रिपोर्टात रीड हा वेगळा क्लास नव्हताच. टेक्स्ट नावाचा एकच क्लास होता, छापणं पण त्यात आणि वाचणं पण त्यातच. १९९६ ला १.३ आवृत्तीत त्याचे रीड आणि शो असे दोन भाग झाले, तरी जोडी मोडली नाही. शोनं जे छापलं ते रीडनं परत वाचायचं, म्हणजे हास्केलच्याच सिंटॅक्समध्ये. म्हणून तर स्ट्रिंग वाचायची तर तिला अवतरणचिन्हं लागतात, कंसातला आकडा चालतो, आणि अधिकचं चिन्ह लावलेला आकडा चालत नाही.

आता खरा वादाचा निर्णय. खालच्या थरातलं रीड्स हे फंक्शन एकच उत्तर देत नाही, उत्तर आणि उरलेली स्ट्रिंग अशा जोड्यांची यादी देतं, यादी रिकामी आली तर पार्स (स्ट्रिंगमधून किंमत काढणं) जमलं नाही, दोन पूर्ण उत्तरं आली तर संदिग्ध. ही पद्धत १९८५ पासून माहीत होती आणि चांगली होती. म्हणजे अपयशाची सगळी माहिती हातात होती, आणि तरी वरचं सोपं रीड बनवताना ती फेकून दिली, एकच पूर्ण उत्तर नसेल तर एरर, संपलं. बाजू घेणारे म्हणतात की इनपुट शोनंच छापलेलं आहे, मग ते वाचता आलं नाही तर चूक प्रोग्रामरची. तर्क म्हणून बरोबर आहे, पण सगळ्यात सोपं नाव सगळ्यात धोकादायक फंक्शनला दिलं आणि नवा माणूस तेच उचलणार हे दिसत होतं. मेबी टाइप, म्हणजे उत्तर असेल तर उत्तर नाहीतर 'नथिंग', भाषेत कधीचाच होता. तरी एररऐवजी मेबी देणारं रीडमेबी स्टँडर्ड लायब्ररीत आलं २०१२ ला, जीएचसी या हास्केलच्या मुख्य कम्पायलरच्या ७.६ आवृत्तीसोबत. तोपर्यंत तेच चार ओळींचं फंक्शन लोक रीड्सवरून आपापल्या प्रोजेक्टात परत परत लिहीत बसले.

रस्ट या दुसऱ्या भाषेनं हे लवकर ओळखलं. तिथं फ्रॉमएसटीआर हा ट्रेट (टाइप क्लाससारखाच) आहे, पार्स म्हटलं की रिझल्टच, म्हणजे उत्तर नाहीतर चुकीचं कारण, हातात येतो. सुरुवातीला तिथंही नुसता ऑप्शन (मेबीसारखाच) होता, २०१५ ला १.० यायच्या तोंडावर तो रिझल्ट झाला, म्हणजे काय चुकलं ते पण कळायला लागलं.

रीडमेबीनं क्रॅश गेला, पण सिंटॅक्स हास्केलचाच राहिला. लातूरच्या बाजारातला सोयाबीनचा भाव कुणी स्वल्पविराम देऊन टाकला तर नथिंग, देवनागरी अंकात टाकला तरी नथिंग, कारण आकडा ओळखणारा भाग फक्त इंग्रजी अंक बघतो. रस्टही हे अंक घेत नाही, पायथॉनचा इंट मात्र घेतो.

म्हणून आता जेसनसाठी (प्रोग्रामांमध्ये डेटा पाठवायचा मजकुराचा साचा) वेगळा क्लास, वेब पत्त्यातल्या तुकड्यांसाठी वेगळा, अशी वाटणी झालीय आणि माझ्या मते तीच बरोबर आहे. एका टाइपला एका क्लासचा एकच इन्स्टन्स हा नियम मात्र तिथंही आहेच, त्यामुळं तारीख एका ठिकाणी दिवस आधी आणि दुसरीकडं वर्ष आधी अशी येत असेल तर न्यूटाइप करून (त्याच टाइपला नव्या नावात गुंडाळून) दोन टाइप बनवावे लागतात, नाहीतर क्लास सोडून सरळ पार्सर फंक्शन हातानं पाठवायचं.