आरसा टिकेना तेव्हा: ईयूव्ही प्रकाशशास्त्राची पार्श्वभूमी

ईयूव्ही (अतिनीलपेक्षाही आखूड तरंगलांबीचा, क्ष-किरणांलगतचा प्रकाश) वापरून चिप बनवणाऱ्या यंत्रांविषयी वाचताना शक्तिशाली लेसर आणि वितळलेल्या कथलाचे थेंब हमखास भेटतात. आरशांच्या वाट्याला मात्र एखाद-दुसरं वाक्य येतं. मला हा अन्याय वाटतो, कारण हा प्रकाश परतवणारा आरसा नसता तर उरलेल्या यंत्राचा विचारही कुणी केला नसता.

अडचण क्ष-किरणांइतकीच जुनी. 1895 मध्ये राँटगेनने हे किरण भिंगाने वळवून आणि आरशावरून परतवून पाहिले, पण जमलं नाही. या तरंगलांब्यांना काच काय आणि धातू काय, निर्वातापेक्षा फारसे वेगळे भासतच नाहीत. ईयूव्ही किरणांना तर जवळपास प्रत्येक पदार्थ गिळून टाकतो, म्हणून भिंगही बाद. 1923 मध्ये कॉम्प्टनने दाखवलं, की पृष्ठभागाला अगदी घासून जाणारे किरण पूर्ण परावर्तित होतात. मात्र समोरून येणाऱ्या किरणांचा प्रश्न तसाच राहिला.

मोलिब्डेनम हा धातू आणि सिलिकॉन यांच्या थरांमधल्या एका सीमेवरून 13.5 नॅनोमीटर तरंगलांबीचा ईयूव्ही प्रकाश हजारात एक-दोन भागच परततो. पण अशा सीमा एकाखाली एक रचल्या आणि दोन थरांच्या प्रत्येक जोडीची जाडी तरंगलांबीच्या साधारण निम्मी ठेवली, तर सगळी क्षीण परावर्तनं एका लयीत येऊन मिळतात. अमेरिकेतल्या कॅलटेक विद्यापीठात ड्यूमंड आणि यूट्झ यांनी सोनं आणि तांब्याचे थर देऊन हे करून पाहिलं. परावर्तन मिळालं, पण काही आठवड्यांत आरसा निकामी झाला: दोन्ही धातू एकमेकांत मुरले होते. 1940 मध्ये त्यांनी याच ऱ्हासावरून घन पदार्थांतल्या विसरणाचा, म्हणजे अणू एकमेकांत मुरण्याचा, वेग मोजला. या सगळ्या इतिहासात मला सर्वांत मोलाचा वाटतो तो हा निबंध. थर देण्याइतकंच सीमा शाबूत ठेवणंही अवघड आहे, हे त्यात स्पष्ट दिसलं.

1972 मध्ये आयबीएमच्या एबरहार्ड स्पिलरने सुचवलं, की शोषक पदार्थाचा पातळ थर स्थिर तरंगाच्या निस्पंद बिंदूंवर (येणारा आणि परतणारा प्रकाश जिथे एकमेकांना जवळपास पुसून टाकतात तिथे) बसवला तर शोषण फार होत नाही. पुढे ट्रॉय बार्बी यांनी स्पटरिंगने (आयनांच्या माऱ्याने पदार्थाचे अणू उडवून ते पृष्ठभागावर बसवण्याच्या पद्धतीने) थर देण्यात हातखंडा मिळवला. 1985 मध्ये त्यांनी आणि सहकाऱ्यांनी मोलिब्डेनम-सिलिकॉनचे आरसे मांडले. 12.4 नॅनोमीटरच्या पुढे सिलिकॉनचं शोषण एकदम घटतं, म्हणून 13.5 ही तरंगलांबी सोयीची ठरली. जोडी सुमारे 7 नॅनोमीटरची, जोड्या 40 ते 50. तरीही मोलिब्डेनम सिलिकॉनवर बसताना नॅनोमीटरभर मिश्र थर तयार होतोच, आणि हा थर उलट क्रमातल्या सीमेवरच्या थरापेक्षा जाड असतो. आजचे उत्तम आरसे 70 टक्क्यांच्या आसपास परावर्तन देतात. अशी दहा परावर्तनं झाली, की शंभरातले जेमतेम तीन भाग उरतात.

याचा पहिला मोठा उपयोग चिपसाठी नव्हे, सूर्यासाठी झाला. 1987 मध्ये अग्निबाणावरच्या दुर्बिणीने अशा आरशांतून सूर्यप्रभेची (सूर्याच्या बाह्य वातावरणाची, म्हणजे कोरोनाची) चित्रं टिपली. तिथे फिल्टरशिवाय भागत नाही, कारण सूर्याचा दृश्य प्रकाश ईयूव्हीच्या कितीतरी पट प्रखर असतो आणि आरसा तोही परतवतो. दीडशे-दोनशे नॅनोमीटर जाडीचं ॲल्युमिनियमचं पटल तो अडवतं आणि 17.1 नॅनोमीटरचा ईयूव्ही प्रकाश आत सोडतं. अशी पटलं काचेवर, विरघळणाऱ्या थरावर चढवून मग पाण्यावर सोडवून घेतात आणि तरंगतं पटल निकेलच्या बारीक जाळीवर अलगद उचलतात. सुईच्या टोकाएवढं छिद्रही चित्र बिघडवायला पुरेसं असतं.

चिपच्या वाटेवर पहिलं पाऊल जपानच्या एनटीटी या दूरसंचार कंपनीतल्या हिरोओ किनोशिता यांचं. 1986 मध्ये त्यांनी आरशांनी उमटवलेल्या प्रतिमा दाखवल्या, तेव्हा श्रोत्यांचा विश्वास बसला नव्हता. व्यावसायिक चिप या पद्धतीने निघायला 2019 च्या आसपासचा काळ उजाडला. आपल्याकडे इंदूरच्या राजा रामण्णा प्रगत तंत्रज्ञान केंद्रात बहुस्तरीय आरसे बनतात आणि इंडस-1 सिंक्रोट्रॉनवर (वेगवान इलेक्ट्रॉन गोल फिरवून असा प्रकाश निर्माण करणाऱ्या यंत्रावर) तपासलेही जातात.

आता संशोधकांचं लक्ष 6.7 नॅनोमीटरकडे आहे. तिथे सिलिकॉनची जागा बोरॉनची संयुगं घेतात, जोडीची जाडी साडेतीन नॅनोमीटरच्या घरात येते आणि जोड्या दोनशेच्या आसपास लागतात. एवढ्या पातळ थरांत अर्धा नॅनोमीटरची सरमिसळही परावर्तन पार खाली आणते.