निळं आकाश काळं करायचं तर

लाल जास्वंद हिरव्या पानांत किती उठून दिसते, पण तोच फोटो ब्लॅक अँड व्हाइट केला की बऱ्याचदा फूल गायब, पानातच मिसळून जातं. कारण आपल्याला दिसत होता तो फरक रंगाचा होता, उजेडाचा नव्हताच. डोळा हिरव्याला जास्त दाद देतो म्हणून डिजिटल फोटोत उजळपणाचा हिशोब लावताना सगळ्यात मोठा वाटा, म्हणजे साधारण ७२ टक्के, हिरव्याचा धरतात, लालला २१ आणि निळ्याला जेमतेम ७. त्यामुळे भडक लाल आणि गडद हिरवा शेवटी जवळपास एकाच ग्रे वर येऊन बसतात.

मग करायचं काय? फिल्टर, म्हणजे लेन्सपुढे लावायची रंगीत काच! १९२७ च्या एप्रिलमध्ये अमेरिकेतल्या योसेमिटीत फोटोग्राफर अँसल अॅडम्स हाफ डोमचा प्रचंड कडा टिपायला वर चढला, जवळ फोटो उमटवायच्या काचेच्या प्लेटा दोनच उरल्या होत्या. पहिली त्याने पिवळा फिल्टर लावून वापरली आणि लगेच लक्षात आलं की आकाश फिकट येणार, कड्याचा दरारा काही त्यात उतरणार नाही. शेवटच्या प्लेटला गडद लाल फिल्टर लावला आणि आकाश जवळजवळ काळं आलं, कडा एकदम अंगावर आल्यासारखा.

यात जादू वगैरे नाही. हवेचे रेणू निळा प्रकाश लालपेक्षा कितीतरी जास्त विखुरतात म्हणून आकाशाकडून येणाऱ्या उजेडात लाल कमीच असतो, आणि लाल फिल्टर निळा अडवतो, मग तिथून प्लेटपर्यंत पोचणार काय? ग्रॅनाइट आणि बर्फ मात्र सगळेच रंग परत फेकतात, त्यातला लाल आरामात आत येतो. सावलीतही उजेड बराचसा आकाशाचाच, त्यामुळे सावल्याही गडद होतात, ही गोष्ट बरेच जण विसरतात आणि मग चेहऱ्याखाली काळे डाग का आले म्हणून डोकं खाजवतात. शिवाय इतका प्रकाश अडवल्यावर एक्सपोजर, म्हणजे आत घ्यायचा उजेड, वाढवावंच लागतं.

आता मोबाइलच्या एडिटिंग अॅपमध्ये ब्लॅक अँड व्हाइट करून निळ्याचा स्लायडर खाली ओढला की साधारण तेच होतं, फक्त जास्त ओढलात तर आकाशात दाणे आणि पट्टे दिसायला लागतात, माझ्या मते अर्ध्यावर थांबावं. आणि पावसाळी पांढुरकं आकाश असेल तर फिल्टर लावा नाहीतर स्लायडर ओढा, काही फरक पडत नाही, ढगांचे थेंब सगळे रंग सारखेच विखुरतात, अडवायला वेगळा निळा असतोच कुठे.