गावाची अधिकृत लोकसंख्या: आकडा कुठून घ्यावा, अर्ज कसा करावा

शासकीय प्रस्तावात गावाची लोकसंख्या लिहायची वेळ आली की बहुतेक जण ग्रामपंचायतीचा साधा दाखला जोडतात, आणि प्रस्ताव तिथेच अडकतो. वाद नको असेल तर शेवटच्या प्रसिद्ध जनगणनेचा, म्हणजे २०११ चा आकडा घ्या. पुढच्या गणनेची संदर्भ तारीख १ मार्च २०२७ आहे.

हा आकडा कुणालाही मोफत पाहता येतो, ओळखपत्र लागत नाही. जनगणना विभागाच्या संकेतस्थळावर जिल्हा जनगणना पुस्तिका उघडा आणि भाग 'ब' मधला गावनिहाय गोषवारा काढा. कुटुंबे, स्त्री-पुरुष, ० ते ६ वयाची मुले, अनुसूचित जाती-जमाती, साक्षर, शेतकरी, शेतमजूर हे सगळे एका ओळीत मिळते. धर्मनिहाय आकडे गावपातळीवर प्रसिद्ध होत नाहीत, ते शोधण्यात वेळ घालवू नका.

गाव नावाने शोधू नका, सहा अंकी संकेतांकाने शोधा. एकाच तालुक्यात दोन पिंपळगावे असू शकतात. पालघर जिल्हा १ ऑगस्ट २०१४ ला झाला, त्यामुळे तिथली गावे २०११ च्या ठाणे पुस्तिकेत सापडतील. गाव यादीतच नसेल तर शहरांची यादी बघा. काही मोठी गावे जनगणनेत 'शहर' म्हणून मोजली गेली आहेत. वाडी, पाडा, तांडा यांची लोकसंख्या बहुधा मूळ महसुली गावात धरलेली असते. गट ग्रामपंचायत असेल तर तिच्यातल्या सर्व महसुली गावांची बेरीज करावी लागते.

सर्वांत जास्त चूक साक्षरतेच्या टक्क्यात होते. समजा गावात १,२०० माणसे आहेत, त्यांत ० ते ६ वयाची १५० मुले आणि ८४० साक्षर. ८४० ला १,२०० ने भागले तर ७० टक्के येतात, पण ते चूक. साक्षरता सात वर्षांपासून पुढच्या लोकांचीच मोजतात, म्हणून आधी १५० मुले वजा करा. ८४० भागिले १,०५०, म्हणजे ८० टक्के. मुले वजा केली नाहीत तर गाव विनाकारण दहा टक्के मागे दिसते. लिंगगुणोत्तर मात्र एकूण लोकसंख्येवर काढतात: ६२० पुरुष आणि ५८० स्त्रिया असतील तर हजारी ९३५.

२०११ नंतरची वाढ दाखवायला काही जण ग्रामपंचायतीच्या नोंदवहीतले जन्म मिळवतात आणि मृत्यू वजा करतात. हा हिशेब जुळत नाही. जन्माची नोंद बाळ जिथे जन्मले तिथे होते, आणि आता बाळंतपणे तालुक्याच्या दवाखान्यात होतात. लग्न होऊन आलेल्या-गेलेल्यांची आणि कामासाठी बाहेर पडलेल्यांची नोंद तर या वहीत नसतेच.

साक्षांकित प्रत हवी असेल तर माहिती अधिकारात अर्ज करा. अर्जदार भारताचा नागरिक असावा. कारण सांगावे लागत नाही. तहसील किंवा ग्रामपंचायतीकडच्या अर्जावर १० रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावा, विषय एकच आणि मजकूर दीडशे शब्दांत ठेवा. जनगणना संचालनालय मात्र केंद्राचे कार्यालय आहे. तिथे हा स्टॅम्प चालत नाही, १० रुपयांची पोस्टल ऑर्डर जोडा. अर्जात गावाचा संकेतांक, तालुका, २०११ चा जिल्हा आणि हव्या असलेल्या रकान्यांची नावे लिहा. एखाद्या घराची किंवा व्यक्तीची नोंद मागू नका. जनगणना अधिनियम १९४८ च्या कलम १५ नुसार ती गोपनीय आहे. ३० दिवसांत उत्तर आले नाही तर पुढच्या ३० दिवसांत पहिले अपील करा. राज्याच्या कार्यालयात त्याला २० रुपये लागतात, केंद्राकडे काही नाही.