श्रवणदोष आणि संगीतश्रवण

ऐकू कमी येणाऱ्यांना संगीत नीट ऐकता यावे म्हणून श्रवणयंत्राच्या जुळणीत, बसण्याच्या जागेत आणि ऐकण्याच्या सवयींत केले जाणारे बदल. मुंबईत हा विषय बहुधा तक्रारीच्या रूपात पुढे येतो. ‘कानाचे मशीन’ लावल्यावर घरातले बोलणे कळू लागते, पण सकाळचा अभंग बेसूर वाटतो. मशीन बिघडलेले नसते. ते मुळात बोलणे ऐकण्यासाठी घडवलेले असते.

याचा पहिला फटका तानपुऱ्याला बसतो. यंत्राचा स्वतःचाच आवाज पुन्हा माइकमध्ये शिरला की ते शिट्टी मारते; एकसारखा लांबणारा सूर म्हणजे तीच आपली शिट्टी, असा यंत्राचा समज होतो आणि शिट्टी रोखणारी यंत्रणा तो सूर खोडू पाहते. त्यामुळे सूर थरथरतो किंवा तो थांबल्यावरही मागे परका सूर रेंगाळतो. बासरीचीही हीच गत. गोंगाट कमी करणारी यंत्रणा तर तानपुऱ्याला पंख्याच्या घरघरीत जमा करून दाबून टाकते. वयोमानाने आधी वरच्या कंप्रता (उंच, बारीक ध्वनी) ऐकू येईनाशा होतात. पेटीच्या काळी एक पट्टीचा षड्ज (सा) साधारण १३९ हर्ट्झचा, त्यामुळे तो टिकतो. पण जवारीची (तानपुऱ्याच्या तारांच्या झणकाराची) झळाळी आणि तबल्याच्या चाटेवरचा ‘ना’ बोथट होतो. काहींना दोन कानांत एकच सूर वेगवेगळ्या उंचीचा ऐकू येतो. तो दोष कानाचा असतो, पण बोल पेटीला लागतो.

दुसरी अडचण आवाजाच्या आवाक्याची. बोलण्यातल्या हळू आणि मोठ्या ध्वनींत साधारण ३० ते ३५ डेसिबलचे अंतर असते, संगीतात ते बरेच जास्त. मैफलीतले कळस १०० डेसिबलच्या पुढे जाऊ शकतात. अनेक यंत्रांना ते आत घेतानाच झेपत नाहीत आणि आवाज फाटतो. मग व्हॉल्यूम उतरवून उपयोग नसतो. कॅनडातील ऑडिओलॉजिस्ट (श्रवणतज्ज्ञ) मार्शल चेसिन यांनी यावर सुचवलेला उपाय म्हणजे यंत्राच्या माइकवर चिकटपट्टी लावणे. दिसायला हास्यास्पद, पण आवाज यंत्रात शिरण्याआधीच उतरतो.

खरा उपाय म्हणजे वेगळा ‘म्युझिक प्रोग्राम’. त्यात गोंगाट व शिट्टी रोखणाऱ्या यंत्रणा बंद किंवा सौम्य करतात, माइक चहूबाजूंचे ऐकेल असा ठेवतात आणि आवाजाचे चढउतार कमी दाबले जातात. तो आपण होऊन मागावा लागतो. ऑडिओलॉजिस्टसमोर मोबाइलवरचा तानपुरा लावून जुळणी करून घेणे उत्तम. नुसते ‘ऐकू येते का?’ याला ‘हो’ म्हणून घरी आले, तर प्रश्न तसाच राहतो. ब्लूटूथने थेट गाणे ऐकताना कानात सैल, छिद्रांची टोपी असेल तर खर्ज बाहेर गळतो आणि बायाँ (डग्गा) पोकळ लागतो; कानाच्या मापाचा साचा बसवला की तो भरतो.

मुंबईत वांद्रे रेक्लमेशनला ऐकण्या-बोलण्यात अडचण असणाऱ्यांसाठीची अली यावर जंग राष्ट्रीय संस्था १९८३पासून आहे. श्रवणचाचणी व यंत्राची जुळणी तेथे होते. पावसाळ्यातली दमट हवा यंत्राच्या नळीत पाणी धरते आणि गाणे दबते, म्हणून रात्री यंत्र सिलिका जेलच्या डबीत ठेवतात. पार्ल्याच्या दीनानाथ मंगेशकर नाट्यगृहासारख्या सभागृहात तिकीट काढताना स्पीकरच्या तोंडाशी येणारी खुर्ची टाळावी.

कॉक्लिअर इम्प्लांटचे, म्हणजे शस्त्रक्रियेने आतील कानात बसवलेल्या यंत्राचे, गणित निराळे. आतील कानाच्या हजारो केसपेशींचे काम तेथे १२ ते २२ इलेक्ट्रोडवर (विजेचे संकेत देणाऱ्या टोकांवर) येते. त्यामुळे ठेका चांगला कळतो, चाल मात्र निसटते. अशांनी पूर्वी ऐकलेले, शब्द पाठ असलेले गाणे, एकच आवाज आणि एकच वाद्य असे घेऊन सराव सुरू करावा. ऑर्केस्ट्रा बराच नंतर.