पाचशे सीट रोज कोण भरणार?

एअरबस ए३८० हे दुमजली प्रवासी विमान धावपट्टीवर उतरतं तेव्हा त्याच्या इंजिनांकडे नीट बघावं. चाकं टेकली की आतल्या बाजूच्या दोन इंजिनांची आवरणं मागे सरकतात आणि हवेचा झोत पुढच्या दिशेला मारू लागतात. त्याने वेग उतरायला मदत होते. बाहेरची दोन इंजिनं मात्र हे करत नाहीत, त्यांना ती सोयच दिलेली नाही. या बाहेरच्या दोन इंजिनांमधलं अंतर आहे ५१ मीटर, आणि मोठ्या विमानतळांवरच्या बऱ्याच धावपट्ट्या आहेत ४५ मीटर रुंद. म्हणजे ही इंजिनं कडेच्या बाहेर लोंबतात. तिथे झोत उलटा फिरवला तर कडेची माती आणि खडे उडून थेट इंजिनात जायचे.

या विमानाची बरीचशी दुखणी अशीच आहेत. जगाची मापं आधीच ठरलेली होती आणि हे विमान त्यांच्या काठावर बसवलेलं होतं.

पंखांचंच घ्या. विमानतळांच्या आंतरराष्ट्रीय वर्गवारीत सगळ्यात मोठ्या वर्गाला पंखांच्या टोकापासून टोकापर्यंत ८० मीटरची मर्यादा आहे. ए३८०चे पंख भरतात ७९.७५ मीटर. ग्लायडरचे पंख आठवून पाहा: लांब, सडसडीत. पंखाखालची जास्त दाबाची हवा टोकाकडून वर निसटते, तिथे भोवरा तयार होतो, आणि तो भोवरा फिरवण्याचं इंधन विमानाच्याच टाकीतून जातं. पंख जितका लांब आणि अरुंद, तितका हा भुर्दंड कमी. पंखांच्या लांबीचा वर्ग करून त्याला क्षेत्रफळाने भागलं की हा सडसडीतपणा आकड्यात कळतो. एअरबसच्याच ए३५०साठी तो साधारण साडेनऊ येतो. ए३८०च्या पंखांचं क्षेत्रफळ ८४५ चौरस मीटर, त्यामुळे उत्तर येतं जेमतेम साडेसात. ५७५ टन वजन उचलायला क्षेत्रफळ तर हवं, पण लांबीला परवानगी नाही. मग पंख रुंदीला वाढले.

त्यात आणखी एक गोष्ट झाली. एवढे पंख विकल्या गेलेल्या विमानासाठी लागतच नव्हते. पुढेमागे याचं लांबवलेलं रूप, ए३८०-९००, काढायचं होतं, म्हणून पंख आधीच त्या मापाचे केले. आपल्याकडे पोरांना वाढत्या अंगाचे कपडे घेतात, तसंच. पण हे पोर वाढलंच नाही. ढगळ कपडे मात्र प्रत्येक फेरीत अंगावर राहिले.

याचा परिणाम वजनाच्या हिशेबात उघडा पडतो. प्रवासी, सामान आणि इंधन सोडून ए३८०चं वजन साधारण २७७ टन. सव्वापाचशे सीट धरल्या तर एका सीटमागे सव्वापाचशे किलोच्या वर विमान उडवावं लागतं. बोइंग ७७७-३००ईआर रिकामं साधारण १६८ टनांचं. त्यात ३६५ सीट धरा, म्हणजे सीटमागे ४६० किलो. मोठं वाहन माणशी स्वस्त पडतं हा एसटी आणि रेल्वेवरून आपल्या अंगात मुरलेला अंदाज इथे उलटा पडतो.

अर्थात ए३८०मध्ये माणसं कोंबली असती तर हा हिशेब फिरला असता. २००६च्या मार्च महिन्यात जर्मनीत हॅम्बुर्गला विमान रिकामं करण्याची चाचणी झाली: ८५३ प्रवासी आणि २० कर्मचारी, अंधार, सोळापैकी आठच दारं उघडी, आणि सगळे ७८ सेकंदांत बाहेर. त्यामुळे ८५३ प्रवाशांची परवानगी मिळाली. तेवढे बसवले तर सीटमागे वजन सव्वातीनशे किलोवर येतं. पण इतक्या सीट कोणत्याच कंपनीने बसवल्या नाहीत. सिंगापूर एअरलाइन्सने सुरुवातीला ४७१ ठेवल्या, ब्रिटिश एअरवेजने ४६९. एमिरेट्सने पहिल्या वर्गात शॉवर दिले, वरच्या मजल्यावर बार काढला. जागा होती, ती खर्च झाली.

आणि प्रवाशाला हेच आवडलं. ७७७च्या केबिनची आतली रुंदी ५.८७ मीटर, बहुतेक कंपन्या इकॉनॉमीत एका रांगेत दहा सीट लावतात, म्हणजे प्रत्येकाच्या वाट्याला जेमतेम सतरा इंच. ए३८०च्या खालच्या मजल्याची रुंदी साडेसहा मीटर, आणि सीट दहाच. दीड इंच जास्त मिळतो. दीड इंच म्हणजे काय, हे मुंबई ते लंडन नऊ-दहा तास कोपराला कोपर लावून बसलेल्याला विचारावं. वरच्या मजल्यावर रांगेत आठच जण. तिथे भिंत आत वळते, म्हणून सीट आणि खिडकी यांच्यामध्ये झाकणाची पेटी बसवली आहे. तिच्यात पिशवी मावते आणि वर हात टेकता येतो. ज्यांना हे ठाऊक आहे ते वरची खिडकीच मागतात.

शांतपणाची गोष्ट तर आणखी गमतीची. लंडनच्या हीथ्रो विमानतळावर रात्री आवाजाचा कोटा असतो. या विमानाने त्या कोट्यात बसावं, असा गिऱ्हाइकांचा आग्रह होता. त्यासाठी इंजिनांचे पंखे इंधनाच्या दृष्टीने योग्य होते त्याहून मोठे केले, २.९५ मीटर व्यासाचे. थोडं इंधन जास्त जातं, पण आवाज उतरला. केबिन इतकी शांत झाली की मागच्या रांगेतलं घोरणं आणि पुढच्या रांगेतलं बाळ स्पष्ट ऐकू येऊ लागलं. ते गैरसोयीचे पंखही प्रवाशाच्या पथ्यावर पडले. क्षेत्रफळ जास्त असल्यामुळे हे धूड ७७७-३००ईआरपेक्षा कमी वेगाने, अंदाजे १४० नॉटला (ताशी २६० किलोमीटरला), उतरू शकतं. प्रवाशाच्या सुखाची प्रत्येक बाब कंपनीच्या वहीत खर्चाच्या बाजूला लिहिलेली सापडते.

प्रवाशाने त्याबद्दल जास्त पैसे दिले असते तर भागलं असतं. पण तिकीट काढताना आपण भाडं बघतो, वेळ बघतो, विमान बदलावं लागतं का ते बघतो. विमानाचं मॉडेल फार तर शेवटी. एअरबसने २०१६ मध्ये खास ए३८०ची तिकिटं शोधून देणारं संकेतस्थळ काढलं. आपलं विमान प्रवाशाने मागून घ्यावं म्हणून कारखान्याला एवढा खटाटोप करावा लागला, यात सगळं आलं.

कंपनीचा खरा प्रश्न सीट भरण्याचा. पाचशेतल्या पहिल्या तीनशे सीट बऱ्या भावाने जातात, उरलेल्या भरायला भाव पाडावा लागतो. दिवाळीत आणि मे महिन्यात विमान भरून जाईल, पण पावसाळ्यातल्या मंगळवारी काय? अडीचशे सीटची दोन विमानं सकाळ-संध्याकाळ सोडली तर कामावर जाणारा प्रवासी सोयीची वेळ निवडतो आणि तिचे पैसेही देतो. मंदीत त्यातलं एक बंद ठेवता येतं. ए३८० अर्धं बंद ठेवता येत नाही.

पोटातल्या मालाचंही तसंच. प्रवासी विमानाच्या तळाशी एलडी३ नावाचे डबे जातात. ए३८०मध्ये असे ३८ बसतात, ७७७-३००ईआरमध्ये ४४. वर दोन मजले भरून माणसं, खाली पोट एकच, त्यात पाचशे जणांच्या बॅगा. एका डब्यात पस्तीस-चाळीस बॅगा धरल्या तरी तेरा ते पंधरा डबे त्यातच गेले. भाड्याने न्यायचा माल, औषधं असोत की आंबे, लहान विमानातच जास्त मावतो. निव्वळ मालवाहू ए३८० निघणार होतं, पण फेडेक्स आणि यूपीएस या मालवाहतूक कंपन्यांनी मागण्या रद्द केल्या आणि तेही बारगळलं. बोइंग ७४७चा कॉकपिट वरच्या मजल्यावर असल्यामुळे नाक उघडून लांबलचक माल सरळ आत सारता येतो. ए३८०चा कॉकपिट दोन मजल्यांच्या मधोमध आहे, नाक उघडणार कसं?

चार इंजिनांबद्दल थोडक्यात. एकेकाळी दोन इंजिनांच्या विमानाला जवळच्या विमानतळापासून तासाभराच्या अंतरापलीकडे जायची मुभा नव्हती, त्यामुळे महासागर चार किंवा तीन इंजिनांच्याच मालकीचे होते. १९८५ मध्ये ही मर्यादा दोन तासांवर गेली, १९८८ मध्ये तीन तासांवर. ए३८०ची अधिकृत घोषणा डिसेंबर २००० मधली. म्हणजे चार इंजिनं असण्याचा मोठा फायदा त्याच्या आधीच संपला होता, आणि देखभाल मात्र चारांची करायची होती.

एअरबसची मूळ अटकळ अशी: मोठे विमानतळ तुडुंब होतील, नवी उड्डाणं मावणार नाहीत, म्हणून प्रत्येक विमानाने जास्त माणसं न्यावीत. वीस वर्षांत अशी बाराशेहून जास्त विमानं लागतील असा अंदाज होता. या तर्काला सुरुंग लागला तो पुन्हा भोवऱ्यांमुळे. ए३८०च्या मागचे भोवरे इतके दांडगे की हवाई वाहतूक नियंत्रणाने त्याला ‘सुपर’ असा वेगळा वर्ग दिला. वैमानिक रेडिओवर विमानाच्या नावापुढे तो शब्द जोडतात. आंतरराष्ट्रीय निकषांनुसार त्याच्यामागून उतरणाऱ्या ए३२०सारख्या मध्यम विमानाने ७ सागरी मैल मागे राहायचं. पुढे साधं जड विमान असतं तर हेच अंतर ५ असतं. उतरण्याच्या वेगाने दोन मैल म्हणजे पन्नासेक सेकंद. मुंबईत दोन धावपट्ट्या एकमेकींना छेदतात, त्यामुळे एका वेळी एकच चालते, आणि मागे रांगेत बहुतेक ए३२० किंवा ७३७ असतात. तिथे पन्नास सेकंद स्वस्त नाहीत.

विमान वेळेवर आलं असतं तरी हे सगळं टळलं नसतं, पण ते आलं उशिरा. आत जवळपास ५३० किलोमीटर वायर. हॅम्बुर्गचे अभियंते आराखड्याच्या सॉफ्टवेअरची जुनी आवृत्ती वापरत होते, फ्रान्समधल्या तुलूझचे नवी. जुळणीच्या वेळी वायरी वळणांवर कमी पडल्या. वेगळ्या करून पुन्हा ओवाव्या लागल्या. २००६ मध्ये मिळायचं पहिलं विमान ऑक्टोबर २००७ मध्ये सिंगापूरहून सिडनीला निघालं. दरम्यान एअरबसने सांगितलं होतं की खर्च भरून निघायला ४२० विमानं विकावी लागतील. शेवटचं २०२१च्या डिसेंबरमध्ये गेलं तेव्हा आकडा होता २५१.

त्यातली १२३ एकट्या एमिरेट्सची. दुबईचा हिशेब वेगळा आहे: सगळं जग एका विमानतळावर गोळा करून पुन्हा वाटून द्यायचं. मुंबईहून ए३८०ने दुबईला जाणाऱ्यांतले कितीतरी तिथे न थांबता पुढे युरोप-अमेरिकेला जातात. असा पसारा दुसऱ्या कोणालाच जमला नाही. भारतात किंगफिशरने पाच मागवली होती, एकही आलं नाही.

सिंगापूर एअरलाइन्सने पहिलं विमान दहा वर्षांच्या भाडेकरारानंतर, २०१७ मध्ये, मालकाला परत केलं. दुसरं गिऱ्हाईक मिळालं नाही. पायऱ्या, स्वयंपाकघरं आणि शौचालयं नव्या कंपनीच्या पसंतीने बदलायची तर दुमजली घर पाडून बांधण्याइतका खर्च. मग फ्रान्समध्ये तार्बला नेऊन ते सुटं केलं गेलं.

करोनात बाकीची बरीच वाळवंटातल्या आणि माळरानावरच्या तळांवर उभी राहिली. ती तिथेच गंजणार असं वाटत असताना लुफ्तान्साने २०२३ मध्ये आपली काही परत काढली, एतिहादनेही. प्रवासी परतले होते आणि नव्या बोइंग ७७७एक्सचा पत्ता नव्हता. २०२० मध्ये यायचं ते वर्षांमागून वर्षं पुढे ढकललं जात होतं. त्या विमानाचे पंख ७१.७५ मीटरचे आहेत. जमिनीवर आलं की दोन्ही टोकांचे साडेतीन-साडेतीन मीटर वर दुमडतात, आणि ते जुन्या ७७७च्याच जागेत उभं राहतं. इंजिनं दोन.