पार्सल आत्याच्या ओट्यावर, ॲपमध्ये मात्र गोदामात

गेल्या पावसाळ्यात रत्नागिरीहून आत्याचा फोन आला. मी पाठवलेलं मिक्सरचं भांडं तिला मिळालं होतं, खोकं फोडूनही झालं होतं. मी ॲप उघडलं, तर पार्सल अजून रत्नागिरीच्या गोदामातच. "अरे, तुझ्या मोबाइलला काय कळतंय? भांडं माझ्या ओट्यावर आहे," आत्या म्हणाली.

पुष्कळांना वाटतं की पार्सलमध्ये जीपीएससारखं काहीतरी असतं आणि ते सतत आपला ठावठिकाणा कळवत असतं. साध्या पार्सलवर असतो तो फक्त बारकोड. वाटेत कुणी तो स्कॅन केला की एक नोंद तयार होते: कोणतं पार्सल, कुठे, किती वाजता, काय झालं. दोन स्कॅनच्या मधे पार्सल नेमकं कुठे आहे, हे त्या नोंदींना ठाऊक नसतं. ॲप आपल्याला दाखवतं तो शेवटचा स्कॅन, आणि तोही सर्व्हरपर्यंत पोचलेल्यांपैकी शेवटचा.

घोळ होतो तो इथेच. घाटात रेंज नसली की स्कॅनर नोंदी स्वतःपाशी साठवतो आणि रेंज आली की एकदम पाठवतो. त्यामुळे घटना ज्या क्रमाने घडल्या, त्याच क्रमाने कळतील असं नाही. पोच मिळाली नाही म्हणून तीच नोंद दुसऱ्यांदाही जाते. एक यंत्र भारतीय वेळ लिहितं, दुसरं ग्रिनिचची. साडेपाच तासांचा फरक पडतो आणि पार्सल निघण्याआधीच पोचलेलं दिसतं.

हे सगळं निस्तरणारं सॉफ्टवेअर तपासायचं कसं? खरी पार्सलं पाठवून चार-चार दिवस थांबायचं? परशुराम घाटात दरड कधी कोसळते याची वाट बघायची? म्हणून पार्सलंही खोटी घ्यायची आणि रस्ताही खोटा. त्यातला सोपा प्रकार म्हणजे ठरलेली उत्तरं देणारे क्रमांक. 'ईझीपोस्ट' ही अमेरिकी कंपनी प्रोग्रामरांना असे क्रमांक देते; एक टाकला की नेहमी 'वाटेत आहे', दुसरा टाकला की नेहमी 'पोचलं'. ते उपयोगी आहेत, पण माझ्या मते तेवढ्यावर थांबणं म्हणजे गाइडमधली उत्तरं पाठ करून परीक्षेला बसणं. मला भुरळ पडली ती सिम्युलेशनची, म्हणजे अख्खा प्रवास संगणकातच खोटा खोटा घडवण्याची.

त्यातलं घड्याळ वाहत नाही, उड्या मारतं. समजा, भिवंडीहून ट्रक रात्री १० वाजता निघाला आणि साडेअकराला पनवेलला पोचला. मधल्या दीड तासात नोंदण्यासारखं काहीच घडलं नाही, मग संगणकाने तो दीड तास कशासाठी घालवायचा? पुढच्या घटना वेळेनुसार रांगेत लावायच्या. पहिली उचलायची, घड्याळ थेट तिच्या वेळेवर नेऊन ठेवायचं आणि ती घटना घडवायची. तिच्यातून नवी घटना निघाली, तर तिलाही रांगेत तिच्या जागी घुसवायचं. मग पुन्हा पहिली उचलायची. चार दिवसांचा प्रवास आठ उड्यांत संपतो! नॉर्वेत १९६० च्या दशकात क्रिस्टन निगार्ड आणि ओले-योहान डाल यांनी 'सिम्युला' ही संगणकभाषा अशाच कामांसाठी घडवली.

आता अपघात घडवायचे. ते बेभरवशाचे हवेत, आणि तरी हवे तेव्हा जसेच्या तसे पुन्हा घडवता आले पाहिजेत. या दोन मागण्या एकमेकींविरुद्ध वाटतात, पण शाळेतला भागाकार दोन्ही पुऱ्या करतो. ७ ही संख्या घ्या. तिला ५ ने गुणा, ३ मिळवा, १६ ने भागा आणि बाकी ठेवा. ३८ ला १६ ने भागल्यावर बाकी ६. आता ६ वर तेच करा: ३३, बाकी १. पुढे ८, ११, १०, ५, १२, १५, १४ असं चालू राहतं. ० ते १५ मधली प्रत्येक संख्या एकेकदा येते आणि सोळाव्या पायरीला ७ परत हजर होतो. खऱ्या प्रोग्राममध्ये हे चक्र प्रचंड मोठं असतं. 'पायथन' या संगणकभाषेत असे आकडे काढणाऱ्या 'मर्सेन ट्विस्टर' या पद्धतीचं चक्र २ च्या १९,९३७ व्या घातातून १ वजा केल्यावर येतं तेवढं लांब आहे.

नियम असा ठरवू: दर स्कॅनला पुढची संख्या घ्यायची; ४ पेक्षा कमी आले तर स्कॅन राहून गेला, १२ किंवा जास्त आले तर रेंज गेली आणि नोंद सहा तास उशिरा पोचली. भिवंडी ६, ठीक. पनवेल १, स्कॅन राहिला. महाड ८, खेड ११, चिपळूण १०, रत्नागिरीचं गोदाम ५, सगळं ठीक. 'डिलिव्हरीसाठी निघालं' १२ आणि 'डिलिव्हर झालं' १५, दोन्ही नोंदी अडकल्या. आत्याच्या भांड्याची गोष्ट भागाकारातून जशीच्या तशी बाहेर आली.

सुरुवातीच्या त्या ७ ला 'बीज' म्हणतात. रात्रभर हजारो बीजं पेरायची. एखाद्यावर सॉफ्टवेअर चुकलं की ते टिपून ठेवायचं. सकाळी तेच बीज पेरलं की तीच चूक, त्याच पार्सलवर, त्याच क्षणी उगवते. खऱ्या घाटात तोच पाऊस दुसऱ्यांदा पडत नाही.

वर भागाकारात १२, १५, १४ असे उशिराचे तीन आकडे सलग आले, ते पाहिलंत? बुध वक्री असला की टपाल आणि कुरियर रखडतं, असं सांगणारे पुष्कळ भेटतात. बुध वर्षातून तीन-चार वेळा, दर खेपेला सुमारे तीन आठवडे वक्री दिसतो. म्हणजे साधारण दर पाच-सहा दिवसांतला एक दिवस त्यात मोडतोच. त्या दिवसांत काही पार्सलं रखडणारच, आणि सलग उशीर तर आपल्या भागाकारानेही घडवला. त्यात कुठलाही ग्रह नव्हता.

आता चूक ओळखायची कशी? हजारो प्रवासांची उत्तरं आधी कोण लिहून ठेवणार? म्हणून उत्तराऐवजी कधीच मोडू नयेत असे नियम तपासतात. 'डिलिव्हर झालं' दिसल्यावर, उशिरा पोचलेल्या जुन्या नोंदीमुळे पुन्हा 'वाटेत आहे' दिसता कामा नये. तीच नोंद दोनदा आली तरी मोजायची एकदाच. पनवेलचा स्कॅन नसला तरी महाडचा स्वीकारायचा. ही पद्धत कोएन क्लासेन आणि जॉन ह्यूज यांच्या 'क्विकचेक' या साधनामुळे २००० नंतर पसरली.

माझे ४ आणि १२ हे आकडे मनाने ठरवलेले आहेत. खऱ्या चाचणीसाठी असे आकडे रस्त्यावरूनच आणावे लागतात. टपालाच्या जगात त्यासाठी चाचणीची पत्रंच टाकतात. इंटरनॅशनल पोस्ट कॉर्पोरेशन ही अनेक देशांच्या टपालसेवांची संघटना १९९४ पासून हे करत आली आहे. पाकिटात एक छोटा रेडिओ टॅग असतो. टपाल केंद्राच्या दारातून आत जाताना त्याची वेळ आपोआप नोंदली जाते. पत्र टाकणारा ठरलेला, घेणाराही ठरलेला, आतल्या मजकुराला काही महत्त्व नाही. प्रवास तेवढा खरा.