‘डायरेक्ट’ विमान वाटेत थांबतं तेव्हा

लेकीच्या बाळंतपणाला किंवा नातवंडांना भेटायला परदेशी निघालेल्या आईबाबांसाठी हे पत्रक आम्ही काढलं आहे. तिकीट देताना सगळं तोंडी सांगतोच, पण निघायच्या गडबडीत त्यातलं निम्मं विसरायला होतं. हा कागद पासपोर्टच्या पाकिटात ठेवा आणि विमानात जागेवर बसलात की एकदा परत वाचा.

आधी ‘डायरेक्ट’ या शब्दाबद्दल

सगळ्यांत जास्त गोंधळ याच शब्दाने होतो. एसटीची ‘विनाथांबा’ गाडी वेगळी आणि थेट कोल्हापूरची गाडी वेगळी, हे आपल्याला पक्कं ठाऊक असतं. थेट गाडीत गाडी बदलावी लागत नाही, पण ती वाटेत साताऱ्याच्या स्टँडवर जाऊन येते. विमानाचंही तसंच आहे. ‘नॉनस्टॉप’ म्हणजे विनाथांबा. ‘डायरेक्ट’ म्हणजे फ्लाइट नंबर शेवटपर्यंत एकच, पण विमान वाटेत एखाद्या विमानतळावर उतरू शकतं. तिकिटावर ‘स्टॉप्स’ या शब्दापुढे 0 आहे की 1, ते पाहून घ्या. 1 असेल तर पुढचा मजकूर तुमच्यासाठी आहे.

थांब्याची कारणं वेगवेगळी असतात. पहिलं कारण इंधन. अमेरिकेकडे, म्हणजे पश्चिमेला जाताना उंचावरचे जोरदार वारे समोरून येतात, त्यामुळे वेळही जास्त लागतो आणि इंधनही. 2025च्या एप्रिलमध्ये पाकिस्तानने भारतीय विमानांसाठी आपली हवाई हद्द बंद केली. मग दिल्लीहून अमेरिका-कॅनडाला विनाथांबा जाणाऱ्या काही विमानांना लांबचा वळसा पडला आणि व्हिएन्ना, कोपनहेगन अशा ठिकाणी थांबून इंधन घ्यावं लागलं. अदिस अबाबाची गोष्ट निराळी. इथिओपियाची ही राजधानी समुद्रसपाटीपासून सुमारे 2,300 मीटर उंचीवर आहे. तिथल्या विरळ हवेत पूर्ण टाकी भरून विमान उचलणं अवघड जातं, म्हणून तिथून अमेरिकेला निघालेली विमानं वाटेत इंधनासाठी उतरत आली आहेत.

दुसरं कारण व्यवसायाचं आहे. दुबईहून न्यूयॉर्कला जाणारं एमिरेट्सचं एक विमान 2013पासून मिलानमार्गे जातं. मिलानला काही प्रवासी उतरतात आणि नवे चढतात. सिंगापूरहून न्यूयॉर्कला जाणारं सिंगापूर एअरलाइन्सचं एक विमान असंच फ्रँकफर्टला थांबतं. अशी तिकिटं बरेचदा स्वस्त पडतात, म्हणून आमच्याकडेही ती खूप जातात.

यात नवीन काहीच नाही. 8 जून 1948 रोजी मुंबईहून लंडनला निघालेलं एअर इंडिया इंटरनॅशनलचं पहिलं विमान कैरो आणि जिनिव्हाला थांबतच गेलं होतं.

विमानातच बसून राहायचं असेल तर

थांबा फक्त इंधनासाठी असला की प्रवाशांना सहसा खाली उतरवत नाहीत. साधारण तास-दीड तास जागेवरच काढावा लागतो. या वेळात बऱ्याच गोष्टी अनोळखी वाटतात आणि आईबाबा घाबरतात, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

इंधन भरताना ‘सीटबेल्ट काढून ठेवा’ अशी घोषणा होते. उड्डाणाच्या वेळी पट्टा लावा म्हणतात आणि आता उलटंच सांगतात, असं वाटेल. पण कारण साधं आहे. काही झालंच तर सगळ्यांना झटकन बाहेर पडता यावं. म्हणूनच मधल्या वाटेत उभं राहू देत नाहीत, पिशव्या खाली ठेवू देत नाहीत, आणि स्वच्छतागृहही काही वेळ बंद असू शकतं. विमान उतरण्याआधी अर्धा तास तिथे जाऊन आलेलं बरं. मधुमेहाच्या आणि प्रोस्टेटचा त्रास असलेल्या प्रवाशांना आम्ही हे आवर्जून सांगतो.

मध्येच केबिन क्रू बदलतो. नियमाने त्यांच्या कामाचे तास ठरलेले असतात. आधीच्या मुलीला तुम्ही ‘यांना गुडघ्याचा त्रास आहे’ असं सांगितलं असेल, तर ते नव्या क्रूला पुन्हा सांगा. कुणाला तरी सांगितलंय म्हणून गप्प बसू नका.

काही विमानतळांवर सुरक्षा कर्मचारी आत येतात आणि डोक्यावरच्या कप्प्यातली एकेक बॅग दाखवून ‘ही कुणाची?’ असं विचारतात. आपली बॅग दिसली की हात वर करा. ज्या बॅगेला कुणी धनी नाही ती विमानातून खाली काढतात. त्या वेळी झोपलेल्या शेजाऱ्यालाही हलवून उठवा, ते योग्यच आहे.

उतरायला सांगितलं तर

मिलानसारख्या थांब्यावर सहसा सगळ्यांनाच खाली उतरावं लागतं, मग तुमची जागा पुढेही तीच का असेना. इथे आमचं म्हणणं एकच आहे: विमानात काहीही ठेवून उतरू नका. पासपोर्ट, बोर्डिंग पास, औषधं, पर्स, मोबाइल, चष्मा, कवळीची डबी, सगळं हातात घ्या. आमच्या एका काकूंनी ‘परत इथेच यायचंय ना’ म्हणून औषधांची पिशवी समोरच्या खिशात ठेवली होती. सफाईवाले आले आणि जागा मोकळी करून गेले. ती पिशवी मिळाली नाही. पुढचे नऊ तास रक्तदाबाच्या गोळीशिवाय गेले, आणि तेव्हापासून आम्ही हे वाक्य ठळक छापतो.

उतरल्यावर ‘ट्रान्झिट’ असं लिहिलेली पाटी शोधा. ‘अरायव्हल्स’ किंवा ‘बॅगेज क्लेम’ या पाटीकडे जाऊ नका, तो विमानतळाबाहेर जायचा रस्ता आहे. मग पुन्हा सुरक्षा तपासणी होते. आधीच्या विमानात मिळालेली पाण्याची बाटली इथे काढून घेतात. द्रवपदार्थ 100 मिलिलीटरपेक्षा मोठ्या बाटलीत नेता येत नाहीत असा सर्वसाधारण नियम आहे, आणि तूप, लोणचं, ओली चटणी यांनाही तो लागू होतो. रिकामी बाटली मात्र चालते, ती पलीकडे जाऊन भरून घ्या. ड्यूटी फ्रीमधून घेतलेली बाटली सीलबंद पिशवीत असेल तर ती पावतीसह तशीच ठेवा, उघडू नका.

चालता येतंय तेवढं चाला. इतका वेळ पाय लोंबकळत ठेवून बसल्यावर हा थांबा म्हणजे खरं तर चांगली संधी आहे. पण गेटपासून लांब जाऊ नका. बोर्डिंग पुन्हा होतं आणि गेट कधीकधी बदलतं. व्हीलचेअर सांगितली असेल तर जागेवरच थांबा. व्हीलचेअरच्या प्रवाशांना सहसा सगळ्यांत शेवटी उतरवतात, उशीर होतोय म्हणून एकट्याने चालायला लागू नका.

चेक-इन केलेली बॅग

विमान तेच असेल तर मोठी बॅग पोटात तशीच राहते. विमान बदलणार असेल तर बॅगेच्या टॅगवर शेवटच्या शहराचा तीन अक्षरी कोड आहे का, ते मुंबईतच काउंटरवर पाहा.

अमेरिकेत मात्र प्रकार वेगळा आहे. पुढे दुसऱ्या शहरात जायचं असलं तरी अमेरिकेतल्या पहिल्या विमानतळावरच इमिग्रेशन होतं. तिथेच बॅग पट्ट्यावरून उचलायची, कस्टममधून न्यायची आणि बाहेर पडल्यावर लगेच असलेल्या काउंटरवर पुन्हा द्यायची. टॅग शेवटच्या शहराचा असला तरी हे करावं लागतं. अबू धाबीमार्गे एतिहादने जाणाऱ्यांसाठी 2014पासून अमेरिकेचं इमिग्रेशन अबू धाबीतच होतं. त्यामुळे तिथे रांगेला वेळ लागतो, पण अमेरिकेत उतरल्यावर देशांतर्गत प्रवाशासारखं सरळ बाहेर पडता येतं. म्हणून या मार्गावर आम्ही तीन तासांपेक्षा कमी वेळाची जोडणी देत नाही.

फराळ आणि खसखस

दुबई, अबू धाबी किंवा शारजामार्गे जाणार असाल तर सामानात खसखस अजिबात नको. संयुक्त अरब अमिरातीत तिच्यावर बंदी आहे आणि ती अमली पदार्थांच्या कायद्यात येते. ‘मी तिथे राहणार नाही, फक्त विमान बदलणार आहे’ हे कारण चालत नाही. अनारशांवर खसखस असते, हे दिवाळीच्या दिवसांत लक्षात ठेवा. विड्याची पानंही घेऊ नका. कोडीन किंवा ट्रॅमाडॉल असलेली औषधं घेत असाल तर तिकीट काढतानाच आम्हाला सांगा, त्यांचे नियम कडक आहेत. सुकं खोबरं तर मुंबईतच बॅगेतून काढायला लावतात, ते त्यातल्या तेलामुळे पेट घेऊ शकतं म्हणून.

विमानातल्या जेवणाबद्दल एक गोष्ट. थांब्यावर नवं जेवण चढतं, त्यामुळे शाकाहारी जेवणाची नोंद दोन्ही टप्प्यांसाठी लागते. आणि ‘हिंदू मील’ म्हणजे शाकाहारी नव्हे, त्यात मांस असू शकतं. आम्ही ‘एशियन व्हेजिटेरियन’ किंवा ‘जैन’ अशी नोंद करतो.

ट्रान्झिट व्हिसा

नुसतं विमान बदलायलाही काही देशांचा व्हिसा लागतो. उदाहरणार्थ, लंडनमार्गे जाणाऱ्या भारतीय पासपोर्टधारकांना तो लागतो, पण अमेरिका, कॅनडा, ऑस्ट्रेलिया किंवा न्यूझीलंडचा चालू व्हिसा असलेल्यांना अटींवर सूट मिळते. हे नियम बदलत असतात. तुमच्या तारखेला काय लागू आहे ते आम्ही तिकीट काढण्याआधी तपासतो, त्यासाठी पासपोर्टच्या आणि सगळ्या व्हिसांच्या प्रती आधीच द्या.

तिकिटासोबत एक छोटं कार्ड मिळेल. त्यावर तुमचा फ्लाइट नंबर, कुठे थांबा आहे, शेवटचं शहर कोणतं आणि मुलाचा किंवा मुलीचा फोन नंबर इंग्रजीत लिहिलेला असेल. ते वरच्या खिशात ठेवा. भाषा अडली, गेट सापडलं नाही, तर विमान कंपनीच्या गणवेशातल्या कुणालाही ते नुसतं दाखवा. मागच्या बाजूला आमचा नंबर आहे, तो रात्री दोन वाजताही उचलला जातो.